ताक लावलेल्या मॉसबद्दल खुलासा

‘जावा मॉस ताकात घालून मिक्सरमधून काढा, दगडावर थापा, उन्हात ठेवा, आठ दिवसांत हिरवागार गालिचा’ हा मेसेज सध्या फिरतोय. (जावा मॉस म्हणजे फिश टँकमध्ये लावतात ती शेवाळासारखी छोटी वनस्पती.) जूनमध्ये मीही तो पुढे पाठवला होता, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

अर्धं खरं आहे. जावा मॉस पाण्याबाहेर वाढतं. निसर्गातही ते ओल्या दगडांवर, ओढ्याकाठी सापडतं. पण मॉसला खरी मुळं नसतात. बारीक तंतू असतात, ते फक्त दगड धरून ठेवायला. पाणी पानंच शोषतात, आणि पान बहुतेक जागी जेमतेम एका पेशीच्या जाडीचं. उन्हात ते वाळणारच, मग मुंबईची हवा कितीही दमट असो.

क्रॉफर्ड मार्केटमधून आणलेल्या एकाच पुडीचे मी दोन भाग केले. ताकवाल्या दगडावर चौथ्या दिवशी पांढरी बुरशी, वर आंबूस वास. आईने तो थेट गॅलरीत काढला. दुसरा भाग कात्रीने बारीक कापून नुसत्या पाण्याने ओल्या दगडावर पसरला, श्रीखंडाच्या पारदर्शक डब्यात झाकण लावून, खिडकीपासून हातभर आत ठेवला. रोज झाकण उघडून एक फवारा. तिसऱ्या आठवड्यात पोपटी टोकं दिसली. गालिचा अजून नाही, दोनेक महिने तरी धरा.

तेव्हा ताकाचा मेसेज कृपया पुढे पाठवू नका. माझ्याकडून आला असेल तर डिलीट करा, आणि ज्यांना पाठवलात त्यांनाही कळवा.