वध म्हणायचं की खून, म्युनिकमधून

तीस जानेवारी आली की आमच्या फॅमिली ग्रुपवर तोच वाद, गांधींचा वध झाला की खून. यंदा मामांनी लिहिलं, अगं तू जर्मनीत राहतेस, हिटलरला मारायला निघालेल्यांना तिथे मान देतातच ना, मग नथुरामनेच काय पाप केलं? ग्रुपवर उत्तर दिलं नाही, मामा मोठे आहेत, पण डोक्यातून जात नाही म्हणून इथे लिहितेय.

म्युनिकमध्ये गेओर्ग एल्झरच्या नावाचा छोटासा चौक आहे. तिथे शाळेच्या भिंतीवर रोज रात्री ९.२० ला निऑन दिवे लागतात, ८ नोव्हेंबर १९३९ ही तारीख दिसते आणि मिनिटभरात विझते. एल्झर सुतार होता. हिटलर दरवर्षी ज्या बिअर हॉलमध्ये भाषण करायचा तिथे हा तीसेक रात्री लपून राहिला, गुडघ्यावर बसून खांब पोखरला, गुडघे पिकले तरी थांबला नाही, आणि बॉम्ब वेळेवर फुटला पण धुक्यामुळे विमान रद्द, ट्रेन गाठायची म्हणून हिटलर १३ मिनिटं आधीच निघून गेला होता. आठ माणसं मेली, त्यात एक वेट्रेस.

माझ्या मते एल्झर बरोबर होता. १९३३ पासून दुसरा पक्ष नाही, पेपर नाहीत, कोर्ट नावापुरतं, वर युद्ध सुरू झालेलं. इथल्या राज्यघटनेत १९६८ साली कलम घातलंय की कोणी लोकशाहीच उलथायला निघाला तर प्रतिकाराचा हक्क आहे, पण दुसरा कुठलाच उपाय उरला नसेल तरच. तरीही १९९९ मध्ये एल्झरवरून इथे पेपरांत जोरात वाद झाला, निरपराध मरतील हे माहीत असून एल्झर बॉम्ब लावून निघून कसा गेला म्हणून. त्या वेट्रेसचा हिशोब साठ वर्षांनी मागितला लोकांनी! आपल्याकडे चाफेकरांनी रँडला मारलं तेव्हा आयर्स्ट नावाचा दुसरा इंग्रज अधिकारीही गेला, तो शाळेत एका ओळीत संपला.

आणि नथुरामपुढे सगळे उपाय उघडे होते हो. पुण्यात स्वतःचा पेपर चालवत होता, गांधींविरुद्ध हवं ते छापत होता. समोर ७८ वर्षांचा म्हातारा, सत्तेचं कुठलंही पद नाही, दहाच दिवस आधी बिर्ला हाऊसमध्ये बॉम्ब फुटला तरी प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेऊ नका म्हणणारा. वध राक्षसाचा होतो मामा, म्हणून तर तो शब्द हवा असतो, एकदा तो लावला की पुढचं काही विचारावं लागत नाही.

गांधींना मारलं त्याच आठवड्यात सातारा जिल्ह्यातलं आजीचं घर जाळलं, नथुरामसारखंच ब्राह्मण आडनाव बघून. ज्यांनी जाळलं त्यांचंही मी समर्थन करणार नाही, आजीचा त्या पिस्तुलाशी काय संबंध होता? मामांचा जन्म नंतरचा, पुण्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांतला. आजीच्या तोंडून वध हा शब्द मी कधीच ऐकला नाही, ती "गांधींना मारलं तेव्हा" एवढंच म्हणायची, आणि मग माळ्यावर राहून गेलेल्या पाळण्याचं सांगायची.