कट-ऑफ स्विच नेगेटिव्हवर बसवू नका

ड्रॅग रेसच्या (सरळ, छोट्या पट्ट्यावरच्या वेगाच्या शर्यतीच्या) गाड्या बांधणाऱ्यांत एक सल्ला सर्रास फिरतोय: 'बॅटरी कट-ऑफ स्विच नेगेटिव्ह केबलमध्ये टाका. सर्किट कुठेही तोडलं तरी करंट थांबतोच, वर ठिणगीची भीती नाही.' हा सल्ला जिवावर बेतू शकतो.

'करंट थांबतोच'? इंजिन बंद असेल तर थांबतो. चालू इंजिनाला मात्र अल्टरनेटरही वीज पुरवत असतो. नेगेटिव्ह तोडली की बाजूला पडते ती फक्त बॅटरी. अल्टरनेटरची अर्थिंग त्याच्या बॉडीतून इंजिनाला आणि तिथून चॅसीला मिळालेली असते, त्यामुळे इग्निशन आणि फ्युएल पंप चालूच राहू शकतात. गाडी उलटलीय, ड्रायव्हर शुद्धीवर नाही, बचावाला धावलेल्या माणसाने मागचा स्विच दाबलाय, आणि पंप फुटलेल्या लाइनमधून पेट्रोल फेकतोच आहे. स्विच असतो तो नेमका याच क्षणासाठी. म्हणूनच एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेस संघटनेचा नियम सांगतो: स्विच पॉझिटिव्ह बाजूलाच हवा, आणि तो दाबल्यावर गाडीतली प्रत्येक विद्युत यंत्रणा बंद पडली पाहिजे, बॅटरीशिवाय स्वतःच ठिणगीची वीज बनवणारं मॅग्नेटो इग्निशनसुद्धा.

पण नुसता पॉझिटिव्हवर आणूनही भागत नाही. मी स्वतः तिथेच फसलो होतो. अल्टरनेटरची जाड वायर मूळच्या जागी, स्टार्टरच्या बोल्टवरच राहिली होती. इंजिनाला थोडी रेस देऊन मागून स्विच दाबला, तर टॅकोमीटरचा (इंजिनाचे फेरे दाखवणारा) काटा हललासुद्धा नाही, म्हणजे इंजिन चालूच! ती वायर मागे ओढून स्विचच्या बॅटरीकडच्या बोल्टवर घेतली. स्टार्टर, फ्यूज बॉक्स, इग्निशन दुसऱ्या बोल्टवर. आता स्विच दाबला की बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही एकदमच गाडीपासून तुटतात. एवढंच, की ही लांब वायर स्विच बंद असतानाही जिवंत राहते. तिला स्विचजवळच फ्यूज द्या आणि पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (पत्र्याची कड वायरला कापू नये म्हणून बसवायची कडी) घाला.

ठिणगीचं म्हणणं खरं आहे, पण ते पान्याच्या कामापुरतं. बॅटरी काढताना नेगेटिव्ह आधी सोडायची, कारण मग पाना बॉडीला टेकला तरी शॉर्ट होत नाही. त्यावरून स्विचची जागा ठरवता येत नाही.

याच सल्ल्याला जोडून 'स्विच ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा' असंही सांगतात. नाही. तो गाडीच्या अगदी मागे, बाहेरून हात पोचेल असा हवा, आणि त्यावर 'ऑफ' स्पष्ट लिहिलेलं हवं. ढकल-ओढ प्रकारचा असेल तर ढकलल्यावर बंद झाला पाहिजे. घाईत धावत आलेला माणूस ढकलणारच.