भाचीने केमिस्ट्री सोडायचं ठरवलंय, आणि मी तिच्या बाजूने आहे

परवा दांडिया बाजारात ताईकडे सगळे जमलो होतो. भाचीला बीएस्सीच्या दुसऱ्या सेमिस्टरनंतर मेजर, म्हणजे मुख्य विषय, बदलायचाय, केमिस्ट्री सोडून जिऑलॉजी (भूशास्त्र) घ्यायचीय. भाऊजी जेवले नाहीत नीट. शेजारच्या बेन ताक द्यायला आल्या, त्याही विचारून गेल्या, "पथ्थर भणीने शुं करशे?" (दगड शिकून काय करणार?) मला तेव्हा धड बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

बडोद्यातल्या कितीतरी मराठी घरांत केमिस्ट्री वारशासारखी येते. कोयलीची रिफायनरी १९६५ला सुरू झाली, आसपास खतं आली, पेट्रोकेमिकल्स आली, त्यांच्यावर दोन पिढ्यांचे संसार झाले. भाऊजींचाही झाला. मीही त्याच रांगेतली. बारावीला केमिस्ट्रीत मार्क जास्त पडले म्हणून केमिस्ट्री घेतली आणि पुढे एका कंपनीच्या लॅबमध्ये अकरा वर्षं काढली. ब्युरेट, म्हणजे खुणांची काचेची नळी, भरायची, फ्लास्क हलवत राहायचं, फिकट गुलाबी झाक टिकली की रीडिंग लिहायचं. पगार वेळेवर व्हायचा, माणसं चांगली होती. पण तो विषय मी निवडला असं मला आजही म्हणवत नाही. मला ठाऊकच चार विषय होते, त्यातला जमणारा घेतला.

आजही तेच चाललंय. बारावी सायन्सला ए ग्रुप म्हणजे गणित, बी ग्रुप म्हणजे बायोलॉजी, आणि फिजिक्स-केमिस्ट्री दोघांनाही. जिऑलॉजी कुठे आहे त्यात? सतरा वर्षांच्या पोराला आपण विचारतो, "तुला कशात आवड आहे?" अरे, त्याने पाहिलंय काय!

भाचीने पहिल्या सेमिस्टरला जिऑलॉजी मायनर, म्हणजे जोडविषय, म्हणून घेतली ती टाइमटेबलात बसत होती म्हणून. मग ऑगस्ट २०२४चा पूर आला. आमच्या समा भागातल्या घरात विश्वामित्री शिरली. पाणी ओसरल्यावर भाची फावडं घेऊन मदतीला आली. गाळ ओढता ओढता चिमूटभर बोटांत चोळून बघत थांबली आणि म्हणाली, "मावशी, ही नदी पावागढला उगम पावते ना? मग हा गाळ तिथला असेल?" मी पंचवीस वर्षं या नदीकाठी राहतेय, मला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

जानेवारीत तिने मला जिऑलॉजीच्या विभागात नेलं. दगडाची चकती काचेवर चिकटवतात आणि घासत घासत ०.०३ मिलिमीटर इतकी पातळ करतात. मग बेसॉल्टसारखा लाव्हाचा काळाकुट्ट दगडसुद्धा उजेड आरपार जाऊ देतो. मायक्रोस्कोपला डोळा लावला तर आधी नुसतं मळकट, करडं दिसलं. तिने दुसरा पोलरायझर (प्रकाश एकाच दिशेत गाळणारी काच) आडवा सरकवला, आणि प्लेजिओक्लेज नावाच्या खनिजाच्या लांबट कणांवर काळे-पांढरे पट्टे उमटले, मधले पायरॉक्झीन या दुसऱ्या खनिजाचे कण निळे, केशरी झाले. खालची गोल तबकडी हळूहळू फिरवली की काळा पट्टा पांढरा, पांढरा काळा. ती एकेक कण ओळखून दाखवत होती. केमिस्ट्रीबद्दल बोलताना तिचा असा आवाज मी कधी ऐकला नाही.

यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) डिसेंबर २०२२मध्ये चार वर्षांच्या पदवीचा जो आराखडा आणला, त्यात दुसऱ्या सेमिस्टरच्या शेवटी त्याच व्यापक शाखेत मेजर बदलायची मुभा दिली आहे. पहिल्या वर्षी विषय बघून घ्यावेत, एवढ्याचसाठी. जागा किती, अर्ज कधी, हे ज्याने त्याने आपल्या फॅकल्टीत विचारावं, पण विचारावं नक्की. "एक वर्ष वाया गेलं" हे वाक्य मला ऐकवत नाही. त्या वर्षात तिला विषय सापडला!

भाऊजींची काळजी खोटी नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण हे सरकारी खातं १८५१पासून आहे, पण तिथे भूवैज्ञानिक म्हणून जायला एमएस्सी करून यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा द्यावी लागते. भूजल आहे, तेल आहे (अंकलेश्वरला १९६०मध्ये सापडलं, इथून किती जवळ), खाणी आहेत. जागा थोड्या, स्पर्धा भरपूर. हे सगळं भाचीला माहीत आहे, तिने वहीत लिहून ठेवलंय. मग केमिस्ट्रीला काय रांगेत नोकऱ्या उभ्या आहेत?

आणि हे बडोदं आहे हो! सयाजीराव महाराजांच्या काळात १८९०ला कलाभवन ही कला-तंत्र शिकवणारी संस्था सुरू झाली. दादासाहेब फाळके तिथे शिकले, तेव्हा सिनेमा हा प्रकार लोकांना ठाऊकही नव्हता. त्यांना कोणी "स्कोप काय?" विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं?

ज्यांची मुलं यंदा बारावी झालीत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. कटऑफच्या याद्या बाजूला ठेवा आणि मुलांना घेऊन दोन-चार विभागांत जाऊन या. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला गाठा, गेल्या आठवड्यात काय काय केलं ते विचारा. पहिल्या वर्षाचा सिलॅबस सगळीकडे सारखाच गोड दिसतो, तिसऱ्या वर्षाचा वाचा.

भाचीने अर्ज भरलाय. भाऊजी अजून हो म्हणालेले नाहीत. रविवारी आम्ही तिघं पावागढला चाललोय. खाली काळा बेसॉल्ट आणि माथ्यावर रायोलाइट हा फिकट रंगाचा लाव्हाचा दगड, तो फरक ती त्यांना दाखवणार आहे. तोवर या विषयावर घरात बोलायचं नाही, एवढं मी भाऊजींकडून कबूल करून घेतलंय.