चार ओहम म्हणजे दुप्पट आवाज?

गणपती जवळ आले की गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. सारांश असा: ८ ओहमचे (ओहम म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो त्याचं माप) स्पीकर जुने झाले, ४ ओहमचे घ्या, कुठल्याही ॲम्पवर (ॲम्प्लिफायरवर) आवाज दुप्पट, मल्टिमीटरवर ओहमचा आकडा कमी आला तर दुकानदाराने फसवलं, एका चॅनेलला (ॲम्पच्या डाव्या किंवा उजव्या आउटपुटला) दोन स्पीकर बॉक्स बिनधास्त लावा, फ्यूज उडाला तर जाड घाला.

आधी ‘दुप्पट’. ॲम्पने २० व्होल्ट दिले तर ८ ओहममधून २.५ अँपिअर जातात, म्हणजे ५० वॉट. ४ ओहममधून ५ अँपिअर, म्हणजे १०० वॉट. हिशेब बरोबर. पण वॉट दुप्पट झाल्याने आवाज वाढतो तो ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. ‘४ ओहमचे घ्या’ हा नियम बहुधा गाडीतून घरात आला असावा. गाडीत बॅटरी १२ व्होल्टची, व्होल्टेज वाढवायला जागा नाही, म्हणून तिथे ४ ओहमचे स्पीकर घालून जास्त करंट ओढतात. घरच्या ॲम्पला ही अडचण नसते.

‘कुठल्याही ॲम्पवर’ हे खरं घातक. तेवढ्याच व्होल्टेजला करंट दुप्पट, तर आउटपुट ट्रान्झिस्टरमध्ये (स्पीकरला करंट पुरवणाऱ्या भागात) उष्णताही जवळपास दुप्पट. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) आणि ट्रान्सफॉर्मर तेवढ्या तयारीचे नसतील तर ॲम्प आधी आवाज फाडतो. मग प्रोटेक्शन असेल तर बंद पडतो, नसेल तर ट्रान्झिस्टर जातो. फाटका आवाज ऐकत बसलात तर ट्वीटरही (उंच सुरांचा छोटा स्पीकर) जळू शकतो. त्यात आपल्याकडची परिस्थिती बघा: भाद्रपदातली दमट हवा, ॲम्प माजघरातल्या बंद कपाटात, वर विणलेला रुमाल, रुमालावर मखराचं उरलेलं सामान, आणि सकाळच्या आरतीपासून रात्रीच्या भजनापर्यंत विश्रांती नाही. मागच्या पट्टीवर ‘४ ते १६ ओहम’ छापलं असेल तर खुशाल ४ ओहमचे लावा. ‘किमान ८’ लिहिलं असेल तर नको. आणि ‘४ ओहमने ॲम्प जळतोच’ असं सांगणारे काकाही तितकेच चूक. त्यासाठी बनवलेले ॲम्प भरपूर आहेत.

मीटरचं थोडक्यात: मल्टिमीटर व्हॉइस कॉइलचा (स्पीकरच्या आतल्या तारेच्या गुंडाळीचा) फक्त डीसी रोध, म्हणजे बॅटरीसारख्या स्थिर करंटला होणारा अडथळा, दाखवतो. ८ ओहमच्या चांगल्या स्पीकरला ६ च्या आसपास आकडा येतो. इम्पीडन्स, म्हणजे प्रत्यक्ष आवाजाच्या करंटला होणारा अडथळा, तर सुराबरोबर वरखाली होतो, छापलेला आकडा नाममात्र असतो. दुकानदाराशी भांडू नका.

दोन बॉक्स एका चॅनेलला ‘बिनधास्त’? ८ ओहमचे दोन समांतर जोडले तर ॲम्पला ४ दिसतात. ४ चे दोन जोडले तर २, आणि २ ओहम पेलणारा घरगुती ॲम्प क्वचितच. स्पीकर ए आणि बी असं बटण असेल तर पट्टीवर बारीक अक्षरात ‘ए+बी: ८ ते १६’ असं काहीतरी असतं, दोन्ही एकदम चालू केल्यावर बऱ्याच ॲम्पमध्ये समांतर जोडणी होते, म्हणून ते. पडवीत आवाज हवा म्हणून दुसरी जोडी लावायची असेल तर ८ चीच घ्या. वायरही बघा. १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर १५ मीटर ओढली तर जाऊन-येऊन अर्धा ओहम वाढतो. ८ ओहमला त्याचं फारसं काही वाटत नाही. ४ ला मात्र जवळपास नववा हिस्सा वायरीतच. २.५ चौरस मिलिमीटरची ओढा, आणि खाऱ्या हवेने टोकं हिरवी पडली असतील तर कापून नवी सोला.

जाड फ्यूजबद्दल सभ्य भाषेत बोलणं कठीण आहे. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा नवा घाला, स्पीकरच्या सगळ्या वायरी काढा आणि ॲम्प रिकामा चालू करा. (व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा ॲम्प असेल तर मुळीच नको, तो लोडशिवाय चालवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.) तरी उडाला तर दोष आत आहे, मेकॅनिककडे न्या. नाही उडाला तर ॲम्प बंद करून टर्मिनल बघा. बहुतेक वेळा सोललेल्या वायरची एखादी सुटी तार शेजारच्या टर्मिनलला टेकलेली सापडते.