सुरू होताच डीएनएस सर्व्हर गप्प: व्हॉट्सअॅपवरच्या ‘कायमच्या इलाजा’ला उत्तर

पावसाळा लागला की हा मेसेज पुन्हा फिरायला लागतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, सगळीकडच्या सहकारी सोसायट्यांच्या, कारखान्यांच्या आणि कॉम्प्युटर क्लासच्या ग्रुपवर तो येतो. मजकूर थोडक्यात असा: “मशीन चालू केल्यावर ‘डीएनएस सर्व्हर प्रतिसाद देत नाही’ असं आलं तर सर्व्हर खराब झाला समजा. चालू होईपर्यंत रिस्टार्ट करत राहा. डीएनएसची कॅश पुसा. सगळ्या मशीनवर ८.८.८.८ टाका. फायरवॉल आणि आयपीव्ही६ बंद करा. कायमचा इलाज.”

उद्यमबागेतल्या काही छोट्या कारखान्यांची आणि तालुक्यातल्या सोसायट्यांची नेटवर्क मी सांभाळतो. हा ‘इलाज’ करून ठेवलेली मशीनं सतत समोर येतात आणि मूळ दुखणं तसंच राहिलेलं असतं. डीएनएस सर्व्हर म्हणजे वेबसाइटचं किंवा मशीनचं नाव दिलं की त्याचा आकडी पत्ता, म्हणजे आयपी, सांगणारा सर्व्हर. दिवसभर नीट चालणारा असा सर्व्हर फक्त सुरू झाल्यावरच गप्प बसत असेल, तर त्याला लागणारी एखादी गोष्ट तो उठला तेव्हा तयार नव्हती, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो. ती गोष्ट कोणती हे शोधता येतं, आणि शोधायलाच हवं.

पहिला मुद्दा, “सर्व्हर खराब झाला समजा.” ती ओळ तुमच्या स्वतःच्या मशीनवरचं विंडोज लिहितं. त्याला फक्त उत्तर आलं नाही एवढंच कळलेलं असतं. आधी स्वतःचा आयपी पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, डीएनएसपर्यंत गोष्ट गेलेलीच नाही. पत्ता ठीक असेल तर विंडोजवर एनएसलुकअप, लिनक्सवर डिग, या डीएनएसला प्रश्न विचारायच्या आज्ञा घ्या आणि सर्व्हरचा आयपी देऊन थेट त्याला विचारा. मग काय उत्तर येतं ते नीट वाचा. ‘रिफ्यूज्ड’ आलं तर सर्व्हर जिवंत आहे, तुम्हाला परवानगी नाही. ‘सर्व्हफेल’ आलं तर जिवंत आहे, त्यानं प्रयत्न केला पण उत्तर मिळालं नाही किंवा पटलं नाही. ‘एनएक्सडोमेन’ म्हणजे असं नावच नाही, हे तर सरळ उत्तर झालं. वेळ संपून काहीच आलं नाही, तेव्हाच त्याला गप्प म्हणायचं. मेसेज या चारही गोष्टींना एकच औषध देतो.

पुढं सर्व्हरवर जाऊन त्याला त्याच्याच १२७.०.०.१ या पत्त्यावर विचारा. तिथं उत्तर येतंय आणि बाहेरच्या मशीनला येत नाही, असं झालं की अर्धा शोध संपला.

“चालू होईपर्यंत रिस्टार्ट करा.” या सल्ल्यावर लोकांचा विश्वास बसतो, कारण तो कधीकधी लागू पडतो. का पडतो ते सांगतो. वीज आली की फायबरचा डबा, राउटर, स्विच आणि सर्व्हर एकदम सुरू होतात. आता सर्व्हरमध्ये एसएसडी असते, तो पटकन उठतो. डब्याला आणि राउटरला त्याहून जास्त वेळ लागतो. लिनक्सवर नेटवर्क जोडायला नेटवर्कमॅनेजर किंवा सिस्टमडी-नेटवर्कडी असेल तर, मूळ सेटिंग बदललेलं नसल्यास, केबलच्या दुसऱ्या टोकाला स्विच जागा होईपर्यंत कार्डावर पत्ता चढत नाही, तुम्ही तो कायमचा लिहून दिलेला असला तरीही. इकडं डीएनएसची सेवा उठते, “१९२.१६८.१.१० वर ऐक” हा हुकूम वाचते आणि तो पत्ता मशीनवर नाही हे बघते. अनबाउंड आणि (‘बाइंड-इंटरफेसेस’ चालू असेल तर) डीएनएसमास्क हे डीएनएस सर्व्हरचे प्रोग्राम अशा वेळी चूक लिहून बंद पडतात. बाइंड हा तिसरा प्रोग्राम बंद पडत नाही, सेटिंगमध्ये १२७.०.०.१ हाही पत्ता असेल तर तो त्यावर ऐकत बसतो, आणि म्हणून सर्व्हरवर बसलेल्या माणसाला सगळं ठीक दिसतं. नवीन बाइंड पत्ता आल्यावर आपण होऊन तो पकडतो, जुन्याला मूळ सेटिंगप्रमाणे तासभर लागू शकतो.

दुसऱ्या रिस्टार्टला डबा आणि स्विच आधीच चालू असतात, म्हणून काम होतं. म्हणजे रिस्टार्टनं बरं झालं हाच क्रम चुकल्याचा पुरावा आहे! तो आणखी पक्का करायचा असेल तर मशीनला हात न लावता फक्त डीएनएसची सेवा रिस्टार्ट करा. तेवढ्यानं चाललं तर शंका उरत नाही.

इलाज सेवेच्या सुरुवातीत आहे. सिस्टमडीमध्ये, म्हणजे लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेत, ‘नेटवर्क टार्गेट’ आणि ‘नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा अर्थ नेटवर्कची यंत्रणा सुरू झाली, एवढाच. पत्ता आला असा नाही. सेवेला दुसरीच्या नंतर उठायला सांगा, आणि ती दुसरी हवी आहे हेही वेगळं लिहा, कारण नुसतं ‘नंतर’ लिहिलं तर तिला कुणी उठवतच नाही. सेवा पडली तर आपोआप पुन्हा सुरू व्हावी अशी ओळ घाला. अनबाउंडमध्ये ‘आयपी-फ्रीबाइंड’ चालू करा, डीएनएसमास्कमध्ये ‘बाइंड-इंटरफेसेस’ऐवजी ‘बाइंड-डायनॅमिक’ वापरा. आणि फायबरचा डबा व स्विच सर्व्हरच्याच यूपीएसवर घ्या. सर्व्हरला मोठा यूपीएस आणि स्विच भिंतीतल्या साध्या प्लगवर, हे दृश्य आपल्याकडं फार ठिकाणी आहे, आणि खानापूरसारख्या पावसाच्या तालुक्यात ते रोज महागात पडतं.

रिस्टार्टनं बरं न होणारी दोन कारणंही याच जागी सांगतो. सेवा कधीतरी हातानं सुरू केलेली असते, पण बूटबरोबर सुरू हो असं तिला सांगितलेलंच नसतं. किंवा महिन्यापूर्वी कुणी सेटिंगची फाइल बदललेली असते, एक अर्धविराम राहून गेलेला असतो, आणि मशीन बंद झालं नाही तोवर जुनी सेटिंगच चालत असते. बाइंडबरोबर ‘नेम्ड-चेककॉन्फ’ नावाची आज्ञा येते, ती फाइल तपासून देते. फाइल बदललेल्या दिवशीच ती चालवा. उबंटू लिनक्सवर आणखी एक अडचण येते: त्याचा स्वतःचा नावं शोधणारा प्रोग्राम, सिस्टमडी-रिझॉल्व्हडी, १२७.०.०.५३ वर पोर्ट ५३, म्हणजे डीएनएसचे प्रश्न येतात ते दार, धरून बसलेला असतो. तुमचा सर्व्हर सगळ्या पत्त्यांवर ऐकायला गेला की पोर्ट आधीच घेतलेला आहे असं सांगून पडतो. रिझॉल्व्हडीचं ते ऐकणं बंद करता येतं.

विंडोजवाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, ‘शट डाउन’ करून पुन्हा चालू केलेलं मशीन बहुधा पूर्ण ताजं सुरू होत नाही. फास्ट स्टार्टअपमुळं आतला काही भाग जपून ठेवलेला असतो. ‘रिस्टार्ट’ मात्र ताजं असतं. मेसेज दोन्ही एकच समजतो.

कॅश पुसण्याबद्दल फार लिहायला नको. ती कॅश, म्हणजे आधी मिळालेल्या उत्तरांचा साठा, तुमच्या मशीनवरची असते, ताज्या सुरुवातीनंतर ती जवळपास रिकामीच असते, आणि गप्प बसलेल्या सर्व्हरवर तिचा काहीही परिणाम होत नाही.

“सगळ्या मशीनवर ८.८.८.८ टाका.” हा सगळ्यात घातक सल्ला. ८.८.८.८ ही गूगलची २००९ पासूनची सार्वजनिक सेवा आहे आणि चांगली आहे. घरच्या लॅपटॉपवर खुशाल वापरा. तपासणीसाठीही ती उपयोगी: तिला विचारल्यावर उत्तर आलं तर लाइन ठीक, बिघाड आपल्या सर्व्हरकडं. पण कारखान्यातला हिशेबाचा सर्व्हर, सोसायटीतला खातेवहीचा सर्व्हर, प्रिंटर, यांची नावं फक्त तुमच्या आतल्या डीएनएसला ठाऊक असतात. गूगलला ती माहीत असणं शक्यच नाही. मग नेट चालतं, यूट्यूब दिसतं, आणि काउंटरवरची मुलगी फोन करते, “काका, नेट आलंय की, पण खातेवही उघडंना.”

काही जण शहाणपणा म्हणून ते दुसऱ्या क्रमांकावर टाकतात. त्यानं दुखणं आणखी लपतं. पहिला सर्व्हर वेळेत बोलला नाही की मशीन दुसऱ्याला विचारतं, दुसरा “असं नाव नाही” म्हणतो, आणि मशीन ते उत्तर खरं धरतं. एका टेबलावर चालतं, शेजारच्यावर नाही. डोमेनमध्ये, म्हणजे ऑफिसच्या एकाच लॉगिन यंत्रणेत, जोडलेल्या विंडोज मशीनना तर अॅक्टिव्ह डिरेक्टरीचा (त्या यंत्रणेचा) सर्व्हर शोधायलाच आतलं डीएनएस लागतं. तिथं बाहेरचा पत्ता घालूच नका. दुसरा पर्याय हवा असेल तर आतच दुसरा डीएनएस सर्व्हर उभा करा. अशा डोमेन सर्व्हरच्या नोंदींत सुरुवातीला ४०१३ क्रमांकाची सूचना दिसली तर घाबरू नका: डिरेक्टरीची पहिली जुळणी पूर्ण होण्याची डीएनएस वाट बघतंय. दोन डोमेन सर्व्हर असतील तर प्रत्येकाला आधी दुसऱ्याचा पत्ता द्या, मग स्वतःचा, आणि दोन्ही एकदम सुरू करू नका.

फायरवॉल बंद करणं म्हणजे जिथं लोकांचे पैसे आहेत ते मशीन उघडं टाकणं. पोर्ट ५३ यूडीपी आणि टीसीपी या माहिती पाठवायच्या दोन्ही रीतींसाठी, फक्त आतल्या नेटवर्कला उघडा. टीसीपी विसरलात तर मोठी उत्तरं अडकतात. आयपीव्ही६, म्हणजे आकडी पत्त्यांची नवी पद्धत, बंद करू नका असं खुद्द मायक्रोसॉफ्टचं सांगणं आहे.

मेसेजमध्ये ज्याचा उल्लेखच नाही ते कारण म्हणजे घड्याळ. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असते. वीज गेली की तारीख कितीतरी वर्षं मागं जाते. जुन्या रास्पबेरी पायमध्ये तर स्वतःचं घड्याळच नसतं. डीएनएसमधल्या डीएनएससेक सह्यांना, म्हणजे उत्तर खरं असल्याच्या डिजिटल खुणांना, सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. मूळ झोनवर, म्हणजे डीएनएसच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, त्या जुलै २०१० पासून आहेत. तारीख चुकलेला सर्व्हर सही तपासतो, ती त्याला अजून सुरूच झालेली दिसत नाही, आणि तो बाहेरच्या नावांना सर्व्हफेल देतो. वेळ सुधारायला तो एनटीपी, म्हणजे बरोबर वेळ सांगणारा, सर्व्हर शोधतो, पण त्याचंही नाव डीएनएसनंच शोधायचं असतं. दोघं एकमेकांची वाट बघत अडकतात, आणि इथं कितीही रिस्टार्ट केलं तरी उपयोग नाही. ओळखायची रीत सोपी आहे: डिगला सही न तपासण्याचा ‘सीडी’ पर्याय देऊन विचारा. तेव्हा उत्तर आलं आणि एरवी सर्व्हफेल, तर तारीख बघा. डोमेनमध्येही मूळ सेटिंगप्रमाणे घड्याळ पाच मिनिटांपेक्षा जास्त चुकलं की लॉगिन अडतं.

सहीची तपासणी कायमची बंद करू नका. बॅटरी बदला, ती खडे बाजारात कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळते. आणि एनटीपीच्या सेटिंगमध्ये वेळेचा एक तरी सर्व्हर नावाऐवजी आकडी पत्त्यानं लिहा, म्हणजे डीएनएस उठायच्या आधीच घड्याळ जुळेल.