हातमागावरचा हरगिला

वन्यजीवांच्या रक्षणासाठी काढलेल्या चित्रांबद्दल माझे एक मत दिवसेंदिवस पक्के होत चालले आहे. चित्र कितीही देखणे असले, तरी ज्याच्या परसातल्या झाडावर त्या जिवाचे घर आहे त्या माणसापर्यंत ते पोहोचले नाही, तर त्या जिवाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. शहरांतल्या भिंतींवर आणि उड्डाणपुलांच्या खांबांवर वाघ रंगवणाऱ्या मुलांचे मला मनापासून कौतुक आहे; पण वाघ आवडावा म्हणून शहरातल्या माणसाला आता चित्राची गरज उरलेली नाही. कलेचा कस लागतो तो ओंगळ, अपशकुनी म्हणून हाकलल्या जाणाऱ्या जिवांपाशी, आणि म्हणूनच आसाममधल्या हरगिल्याची हकीकत मला सविस्तर सांगावीशी वाटते.

हरगिला हा करकोच्यांच्या कुळातला, उभा राहिला की जवळजवळ पाच फूट भरणारा पक्षी आहे. त्याचे डोके जवळपास टकले असते, मानेखाली नारिंगी पिशवी लोंबते, आणि मासे, मेलेली जनावरे, कचऱ्याच्या ढिगावर मिळेल ते, असे सगळे तो खातो. घरटी मात्र तो उंच झाडांवर बांधतो, आणि कामरूप जिल्ह्यातल्या दादरा, पचरिया, सिंगिमारी या गावांत अशी झाडे लोकांच्या परसात आहेत. अंगणात वरून विष्ठा आणि पिलांसाठी आणलेल्या सडक्या मांसाचे तुकडे पडू लागले की घरमालक वैतागून झाडच तोडत. जीवशास्त्राच्या संशोधक पूर्णिमा देवी बर्मन यांनी २००७ मध्ये असेच एक झाड पिलांसकट आडवे झालेले पाहिले. त्यांनी जाब विचारला, तेव्हा जमलेल्या लोकांनी त्यांचीच टर उडवली. त्यानंतर पीएच.डी. लांबणीवर टाकून बर्मन गावातल्या बायकांमध्ये कामाला लागल्या.

त्यांनी जे केले त्यात भाषणांचा वाटा मला कमीच दिसतो. विणीच्या हंगामात हरगिल्याच्या मादीचे चक्क डोहाळजेवण घालण्यात आले, त्याच्यावर गाणी रचली गेली, बायका हरगिल्याचे मुखवटे घालून मिरवल्या, आणि विणकर बायकांना माग व सूत मिळवून देऊन हरगिल्याची नक्षी मेखला-चादर या बायकांच्या पारंपरिक वस्त्रावर आणि गामोसा या आसामी उपरण्यावर आणली गेली. यातले विणकाम मला सर्वांत मोलाचे वाटते. नक्षी धाग्यात बसवायची तर चोच किती लांब, पाय किती उंच, पिशवी नेमकी कुठे लोंबते, हे बाईला पक्ष्याकडे नीट बघूनच ठरवावे लागते. ज्याला कालपर्यंत दगड मारून हाकलले, त्याच्याकडे असे निरखून पाहणे हाच अर्धा बदल आहे. उरलेला बदल ते वस्त्र विकून घरात पैसा येतो तेव्हा घडतो. मग नवरा कुऱ्हाड घेऊन झाडाकडे निघाला, तर त्याला अडवायला घरातच कुणीतरी असते.

या तीन गावांतली घरटी २८ वरून २५० च्या पुढे गेली, दहा हजारांहून अधिक स्त्रिया ‘हरगिला आर्मी’त सामील झाल्या, आणि २०२३ मध्ये हा पक्षी धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीत ‘संकटग्रस्त’ वर्गातून बाहेर आला. याचे सगळे श्रेय कलेला देणे चुकीचे ठरेल, कारण घरट्यांखाली जाळी बांधणे आणि खाली पडलेल्या पिलांवर उपचार करणे हे कष्टाचे कामही सोबत चालू होते. पण ती जाळी आपल्या परसात बांधू द्यायला घरमालक राजी होणे, हे कलेचे काम होते असे मी मानतो.

नुसत्या चित्राने काय होते, हेही याच पक्ष्याच्या बाबतीत दिसते. एकोणिसाव्या शतकात हरगिले कलकत्त्याच्या छपरांवर बसलेले असत, आणि त्या शहराच्या जुन्या मानचिन्हावर दोन हरगिले होते. इतका मान मिळूनही पक्षी शहरातून नाहीसा झाला.

आपल्याकडे मला माळढोकाची चिंता आहे. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत १९७९ मध्ये त्याच्यासाठी जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले, त्यात लोकांची शेते आणि गावेच्या गावे आली, व्यवहारांवर निर्बंध आले आणि पक्ष्याचे नाव अनेकांच्या रागाचे कारण बनले. अभयारण्याची हद्द पुढे बरीच घटवली गेली, पण दरम्यान माळ नांगरले गेले, विजेच्या तारा आल्या, आणि वर्षाला बहुधा एकच अंडे घालणारा हा पक्षी महाराष्ट्रातून जवळपास संपला. आता देशभरात मिळून मोकळ्या रानात जेमतेम दीडशे उरले आहेत आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत. कायद्याने जे साधले नाही ते चादरीने साधेल असा माझा दावा नाही. तारा जमिनीखाली घालणे आणि गवताळ माळ राखणे याला पर्याय नाही. पण सोलापूर ही चादरींची नगरी आहे, जकार्ड या नक्षी विणणाऱ्या मागावर मोर आणि वेलबुट्टी उतरवणारे हात तिथे आहेत, आणि त्याच जिल्ह्यात नान्नजच्या माळावर मेंढरे चारणाऱ्या धनगरांनी हा पक्षी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला आहे. माळढोकाची नक्षी त्यांना विचारून, त्यांच्या आठवणीतल्या चालीसकट काढली जावी आणि चादरीच्या विक्रीतला वाटा माळ राखणाऱ्या गावांना मिळावा, असे मला तीव्रतेने वाटते. यंत्रमाग किंवा हातमाग चालवणारे कुणी हे वाचत असतील आणि एक नमुना विणून पाहायला तयार असतील, तर त्यांनी मला जरूर कळवावे. सुरुवातीच्या सुताचा खर्च मी देईन.