‘हिरवी प्लाय टाका, वीस वर्षं बघायला नको’: हा सल्ला होडीच्या जिवावर उठेल

उन्हाळ्यात नाथसागराचं पाणी मागं सरलं की काठावर होड्यांची दुरुस्ती निघते, आणि मोबाइलवर हा सल्ला फिरू लागतो: ‘ॲल्युमिनियमच्या होडीतल्या फळ्या कुजल्या असतील तर औषध मुरवलेली हिरवट प्लाय टाका, लोखंडी स्क्रूनं आवळा, खाली थर्माकोल भरा, वर कार्पेट चिकटवा. वीस वर्षं बघायला नको.’ कृपा करून असं करू नका.

आधी ती हिरवट प्लाय. तो रंग बहुतेक वेळा औषधातल्या तांब्याचा असतो. ओल लागली की तांबं थोडं थोडं सुटून ॲल्युमिनियमवर बसतं. दोन वेगळे धातू आणि मध्ये पाणी, की बॅटरी तयार होते, आणि तिच्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. पत्र्याला टाचणीएवढी भोकं पडतात, तीही फळीखाली, जिथं नजर पोचत नाही. लाकूड कदाचित टिकेल, पण होडी राहणार नाही. ‘आपलं पाणी गोडं आहे, हे सगळं समुद्रात होतं’ असंही सांगतात. गोड्या पाण्यात झीज मंदावते, थांबत नाही. शिवाय फळीखाली साचतं ते धरणातलं स्वच्छ पाणी नसतं, मासळीचं धुवण असतं.

मरीन प्लाय घेतली तरी सावध राहा. आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) छापाच्या प्लायलाही किडीसाठी औषध दिलेलं असतं. त्यात तांबं आहे का, ते दुकानदाराला विचारून घ्या. प्लायच टाकायची असेल तर दोन्ही बाजू, कडा आणि स्क्रूची भोकं इपॉक्सीनं बंद करा, आणि होडीच्या तळातल्या आडव्या पट्ट्यांवर टेकते तिथं रबर द्या.

लोखंडी स्क्रूचंही तेच. स्टेनलेसही ॲल्युमिनियमला खातं, म्हणून ॲल्युमिनियमचे रिव्हेट बरे. स्टेनलेस टाळता येत नसेल तर नायलॉनचा वॉशर घाला, आट्यांना सीलंट लावा.

प्लायऐवजी ॲल्युमिनियमचा चेकर पत्रा (उठावाच्या नक्षीचा) टाकला तर जड पडतो, ही समजूतही चुकीची आहे. आठ बाय चार फुटांचा ३ मिमी पत्रा साधारण २५ किलो भरतो. तेवढीच १२ मिमी प्लाय कोरडी असतानाच त्याच्या आसपास जाते, भिजल्यावर आणखी जड. पत्र्याची खरी अडचण आपल्याकडचं ऊन आहे. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या वर जातो, तेव्हा उघड्या पत्र्यावर पाय ठेववत नाही. फिकट रंग द्या, वर काढता येईल अशी रबरी चटई टाका. चिकटवलेलं कार्पेट ओल धरून बसतं, ते नकोच.

थर्माकोलचा मुद्दा सगळ्यात गंभीर आहे. तो हळूहळू पाणी पितो, आणि इंजिनाचं पेट्रोल सांडलं तर विरघळतो. होडी पाण्यानं भरली तरी तरंगावी म्हणून कंपनीनं फळीखाली फोम दिलेला असतो. तो भिजलाय म्हणून काढून टाकला, तर तितक्याच आकारमानाचा बंद छिद्रांचा पीयू (पॉलियुरेथेन) फोम परत बसवा आणि त्याच्याखालून पाणी मागच्या बुचापर्यंत वाहील एवढी फट ठेवा.

हे सगळं बसवण्याआधी, तळ उघडा असतानाच, होडी लाकडी ओंडक्यांवर टेकवून आत थोडं पाणी ओता. बाहेरून जिथं थेंब दिसेल तिथं खडूनं खूण करा.